तिसऱ्या रांगेतले वस्ताद

"सुकुमार, तू कधी खोटं लिव्हलंयस का?"

हिंदुराव वस्तादांनी हे विचारलं तेव्हा मी ऑफिसात बसून भडंग खात होतो. तोंड भरलेलं, त्यामुळं लगेच बोलता येईना, आणि वस्तादांसमोर उत्तराला उशीर लावणं बरं दिसत नाही. मी नुसतीच जोरजोरात मान हलवली. सांगलीतली उन्हाळ्यातली शनिवारची दुपार होती. आमच्या 'दैनिक कृष्णातीर'चा पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होता.

"जाणूनबुजून तरी नाही, वस्ताद," घास गिळून मी म्हणालो. "बसा की."

"म्हाईत हाय मला. तरी इचारून घेतलं," असं म्हणत ते बसले. खुर्चीनं तक्रार केली, पण टिकली.

माझं नाव सुकुमार चौगुले. अंगकाठी अगदी नावाला साजेशी, आणि पोटापाण्याचा धंदा मात्र कुस्तीवर लिहिण्याचा. मैदानात शिरलो की पैलवान चेष्टेनं ओरडायचे, "जरा सरका रं, चौगुलेसाहेब वाऱ्यानं उडून जातील!" मी लंगोट कधी लावला नाही, पण कुस्ती बघायला शिकलो होतो. काही वर्षांपूर्वी एका जत्रेच्या मैदानात वस्तादांच्याच तालमीचा एक पठ्ठा नुरा कुस्ती खेळला. नुरा म्हणजे कोण पडायचं हे दोघांनी आधीच ठरवलेली. मी ते नावानिशी छापलं. वस्तादांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी ते घरी आले, दारातूनच म्हणाले, "पोराला इचारलं. तुझं खरं हुतं," आणि चहा न घेता निघून गेले. तेव्हापासून ते पेपरात फक्त माझं पान वाचायचे. माझ्या शब्दावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या बायकोचाही नव्हता.

"माझी संयोगिता," वस्ताद म्हणाले. "पोलिसात निवड झालीय. पळण्यात पहिली, गोळाफेकीत पहिली. एक तारखेला ट्रेनिंगला जायचं."

"पेढे कुठायत मग?"

"पेढे कसले मागतोस! ती म्हणती, जाणार न्हाई. तिचा तो बँड हाय न्हवं, चौथी घंटा. त्यांच्याबरोबर वरीसभर फिरणार म्हणं. पुणं, बेळगाव, गोवा. तिकडं ड्रम बडवणार."

या बँडचं नाव मी ऐकून होतो. सांगली-मिरजेची चार पोरं. नाटकात तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो आणि पुढं सगळं लिहिल्याप्रमाणं होतं. चौथ्या घंटेनंतर काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हे नाव. त्यांच्या वाजवण्याला ते जॅम म्हणायचे. एखादी धून धरायची आणि ती नेईल तिकडं जायचं, पाऊण पाऊण तास.

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

वस्तादांनी हाताचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. "मी म्हणलं, मला त्यातलं शष्प कळत न्हाई. तर म्हणती, अप्पा, आमच्यात आधी काय ठरल्यालं नसतंय. एकानं टाकलं की दुसऱ्यानं जागेवर झेलायचं. कुस्तीगतच. आता हे खरं असंल, तर तिला अडवायचा मला हक न्हाई. मीबी गिरणीतली नोकरी सोडूनच मातीत उतरलोय. पर आधी ठरवून करत असतील आणि वर आयत्या वेळी सुचल्याचं सोंग आणत असतील, तर ती नुराच की रं. तसल्या सोंगासाठी पोलिसातली नोकरी सोडू देऊ?"

"नाही," मी म्हणालो.

"उद्या सकाळी नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम हाय. तू बघ आणि लिही. सोमवारच्या पेपरात तू खरी म्हणलास तर ती जाईल. नुरा म्हणलास तर खाकी घालंल. पेपरावर सोडायचं, हे तिलाबी कबूल हाय. नुराचं तेवढं तिला बोललो न्हाई."

मी भडंगाची पुडी बाजूला सारली. "वस्ताद, गाण्याबजावण्यावर लिहायला आमच्याकडं केळकर आहेत. मी कुस्तीवाला माणूस."

"केळकर नको. त्यांच्या लिव्हण्यात कोण पडतच न्हाई. समदेच रंगत्यात."

ते खरंच होतं. केळकरांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक मैफल उत्तरोत्तर रंगत गेलेली असायची.

संपादक उपळेकरांना मी घाबरत घाबरत विचारलं, तर ते खूशच झाले. केळकरांनी सकाळीच हात वर केले होते. "ज्याला सम नाही आणि शेवट नाही, त्याचं परीक्षण मी काय करू?" असं म्हणाले होते म्हणे. "तुम्ही जा चौगुले," उपळेकर म्हणाले, "फक्त धोबीपछाड वगैरे लिहू नका. वाचक सुशिक्षित असतात."

रविवारी सकाळी मी नाट्यगृहाच्या पायऱ्या भीत भीतच चढलो. मैदानात मला असं कधी होत नाही. तिथं चुकलो तर एखादा पैलवान चार दिवस शिव्या देतो आणि विसरतो. इथं एका पोरीचं आयुष्य माझ्या तीनशे शब्दांवर टांगलेलं, आणि मला गिटारीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेसुद्धा माहीत नव्हतं.

गर्दी बरी होती. कॉलेजची पोरंपोरी होती, वाजवणाऱ्यांचे मामा-मावश्या होत्या, आणि मध्येच तालमीचे पैलवान दोन रांगा अडवून बसले होते. एकेकाला दीड दीड खुर्ची लागत होती. त्यांच्या पुढं, तिसऱ्या रांगेत बरोबर मधोमध, डोक्याला गुलाबी पटका बांधून हिंदुराव वस्ताद. फोटोला बसल्यासारखे ताठ. त्याच रांगेत, तीन खुर्च्या सोडून, मी बसलो.

संयोगिता मला बाहेर व्हरांड्यातच भेटली होती. उंच, रुंद खांद्यांची, केस आखूड कापलेले. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत होती.

"चौगुले काका, एक सांगू?"

"सांग की."

"वाईट वाटलं तर वाईटच लिहा. अप्पांची पोरगी म्हणून सांभाळून घेऊ नका. मी नंतर रडेन, पण तुमच्यावर चिडणार नाही."

"आणि चांगलं वाटलं तर?"

ती हसली. "तर काय, जरा मोठ्या अक्षरात छापा."

अशी पोरगी. मला ती जिंकावी असं फार वाटत होतं, आणि नेमकं तसं वाटायला नको होतं, हेही कळत होतं.

कार्यक्रम सुरू झाला. चौघं होते. संयोगिता ड्रमवर, मिरजेचा इम्रान सतारमेकर गिटारवर, एक मुलगा बेस गिटार घेऊन आणि एक चष्मेवाली मुलगी कीबोर्डवर. पहिली धून गोड होती. दुसरी जोरदार होती. ती लांबत गेली, गिटारीनं काहीतरी विचारलं, कीबोर्डनं उत्तर दिलं, ड्रम चढत गेला आणि सगळे एका जागी येऊन धाडकन थांबले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पैलवानांनीही एकमेकांकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी मात्र खुर्चीत अवघडून बसलो होतो.

नुरा ओळखायची माझी रीत साधी आहे. अंगाकडं बघायचं नाही, डोळ्यांकडं बघायचं. खऱ्या कुस्तीत पैलवानाची नजर समोरच्याला सोडत नाही, कारण पुढच्या क्षणी तो काय करणार हे त्याला माहीत नसतं. नुरा खेळणाऱ्याला सगळं माहीत असतं. त्याचे हात डाव करतात आणि डोळे मोकळे फिरत असतात. त्या पठ्ठ्याला मी तसाच धरला होता. आणि इथं चौघांपैकी एकही जण दुसऱ्याकडं बघत नव्हता. गिटारीनं विचारायच्या आधीच कीबोर्डवरची बोटं उत्तराच्या जागी जाऊन बसलेली असायची. संयोगिताची नजर तर वरचेवर एकाच ठिकाणी जात होती, आणि ते ठिकाण म्हणजे तिसरी रांग.

मध्यंतरापर्यंत मी वाट बघितली. वाटलं, आता तरी एखादा चुकेल, गोंधळेल, दुसऱ्याकडं बघेल. कुणी चुकलं नाही. सगळं तेल लावल्यासारखं गुळगुळीत गेलं, आणि माझ्या मनात सोमवारच्या पेपरातलं पहिलं वाक्य तयार झालं. ते वाक्य मला अजिबात नको होतं.

मध्यंतरात मी सरळ रंगमंचाच्या मागं गेलो. परीक्षण लिहिणाऱ्यानं असं मध्येच आत जायचं नसतं, हे केळकरांनी नंतर मला चांगलंच सुनावलं. पण मी मैदानातला माणूस. तिथं आम्ही कडेला बसून सुद्धा ओरडतो.

चौघं चहा पीत उभे होते. संयोगितानं कप खाली ठेवला. "काका, कसं चाललंय?"

"चूक एकही नाही," मी म्हणालो.

ती पैलवानाच्या घरची होती. कौतुक आणि ठोसा यांतला फरक तिला बरोबर कळला. "मग?"

"चूक नाही, हेच. हे सगळं आधी बसवून आलायत का तुम्ही?"

कीबोर्डवालीनं इम्रानकडं बघितलं. शेवटी इम्रान म्हणाला, "बसवलंय, काका. कुठं वळायचं, कुठं चढायचं, कुठं थांबायचं, सगळं. एरवी आम्ही असं करत नाही, अल्लाशप्पथ. एरवी निघतो तेव्हा कुठं पोहोचणार ते आमचं आम्हालाच माहीत नसतं."

"मग आजच का?"

"माझ्यामुळं," संयोगिता म्हणाली. "अप्पा पहिल्यांदा ऐकायला आलेत. आमचं कधी कधी मध्येच कोसळतं, काका. सापडेपर्यंत चाचपडत राहावं लागतं. अप्पांनी ते बघितलं असतं तर म्हणाले असते, हिला काही येत नाही. म्हणून मीच म्हणाले, या खेपेला पक्कं बसवू. एकही जागा चुकायला नको."

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, तू चुकतेस का हे बघायला तुझ्या बापानं मला पाठवलेलं नाही! तुम्ही ठरवून करता का, हे बघायला पाठवलंय. त्यांना चुकलेलं चालतं. ठरवलेलं चालत नाही."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या एका गोष्टीला बाप भीत होता, नेमकी तीच तिनं बापाच्या भीतीपोटी करून ठेवली होती. मला तिची दया आली आणि रागही आला.

"मग आता संपलंच की," ती हळूच म्हणाली.

"संपलं कुठं? अर्धा कार्यक्रम बाकी आहे."

"उरलेलंही बसवलंय," कीबोर्डवाली म्हणाली.

संयोगितानं बोटांवरची सुटलेली पट्टी दातानं तोडली. "नाही वाजवायचं ते," ती म्हणाली. "कुठूनही सुरू करू."

"आणि कोसळलं तर?" इम्राननं विचारलं.

"कोसळू दे."

पडदा वर गेला आणि ते खरोखरच कोसळलं. इम्राननं एक लहानशी तान छेडली आणि थांबला. बेसवाल्यानं ती उचलली पण भलत्याच वाटेनं नेली. कीबोर्डवाली इम्रानच्या मागं जाऊ की बेसवाल्याच्या, या विचारात हात हवेत धरून बसली. ड्रम नुसता चालत राहिला. कुणालाच काही सापडेना. एक मावशी उठून गेल्या, मग त्यांच्यामागं आणखी चारजण. खुर्च्यांच्या घड्या फटाफट मिटल्याचे आवाज येऊ लागले. माझ्या मागचा पैलवान दुसऱ्याला म्हणाला, "आता रं काय झालं ह्यांस्नी? मघाशी बरी वाजवत हुती की."

मी मात्र पुढं सरकून बसलो. कारण आता चौघांच्या नजरा एकमेकांवर खिळल्या होत्या. इम्रान संयोगिताच्या हातांकडं बघत होता, संयोगिता बेसवाल्याच्या बोटांकडं. मैदानात याला खडाखडी म्हणतात. दोन पैलवान एकमेकांची मनगटं धरतात, सोडतात, मान दाबून बघतात, गोल फिरतात. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. चाललेलं पुष्कळ असतं. मला पहिल्यांदा त्या नाट्यगृहात आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

एकदा जरा जमल्यासारखं झालं आणि पुन्हा मोडलं. बेस बंद पडला. गिटारही बंद पडली. राहिली एकटी संयोगिता. तिनं मोठे ड्रम सोडले आणि काठीनं नुसत्या कडेवर वाजवायला लागली. कडकड, कड, कडकड, कड. कोरडा, उघडा आवाज.

वस्तादांचा पटका वर झाला.

ती हलगी होती. मैदानात खडाखडी चालते तेव्हा हलगीवाला वाजवतो ती चाल. थांबलेली, वाट बघणारी. लहानपणी वस्ताद तिला सगळ्या जत्रांना न्यायचे आणि हलगीवाल्यांच्या शेजारी बसवून कुस्त्या लावायला जायचे, हे मी स्वतः बघितलेलं. ती चाल तिनं ठरवून काढली नव्हती. दुसरं काहीच हाताशी उरलं नाही तेव्हा आपसूक आली, असं तिनंच नंतर सांगितलं. हळूहळू तिनं ती चढवली. पैलवानांच्या दोन्ही रांगा सावरून बसल्या. चाल चढली, आणखी चढली, आणि ऐन चढावर संयोगिताचा पाय घसरला. मोठ्या ड्रमचा ठोका चुकला आणि सगळं थांबलं.

अख्खं नाट्यगृह गप्प.

आणि त्या शांततेत वस्तादांनी शड्डू ठोकला.

पैलवान आव्हान देताना मांडीवर किंवा दंडावर पंजा मारतो, तो शड्डू. वस्तादांच्या शड्डूचा आवाज एके काळी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जायचा. बंद नाट्यगृहात तो बंदुकीच्या बारासारखा वाजला. एक बाई किंचाळली. दारावरचा माणूस मारामारी झाली समजून टॉर्च घेऊन धावत आला. वस्ताद स्वतःच्या हाताकडं चकित होऊन बघत होते. आपण काय केलं हे त्यांनाही कळलं नव्हतं.

संयोगितानं मान वर केली. तिच्या डोळ्यांवर दिवे होते, तिला कुणी दिसत नसणार. पण तो आवाज कुणाचा हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं मोठ्या ड्रमवर एकच ठोका दिला. धम्म.

वस्ताद बसून राहिले. मग त्यांच्यानं राहवेना. पुन्हा ठोकला.

धम्म, तिनं उत्तर दिलं, आणि पुढं दोन ठोके आपल्या पदरचे घातले. तेवढ्यात बेस आला, दबकत, त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत पाय ठेवत. मग इम्राननं त्यावर गिटार सोडली. कीबोर्डवालीचा चष्मा घसरला होता तरी तिनं तो वर केला नाही, हात मोकळे नव्हते. पैलवानांपैकी एकानं ठोकला, मग दुसऱ्यानं, मग दोन्ही रांगांनी, आणि चौघं ते सगळं अंगावर घेत, परतवत, पुढं पुढं जात राहिले. ते संगीत चांगलं होतं की वाईट, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण पुढच्या क्षणी काय होणार हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. शेवट कसा झाला ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की चौघं वाजवता वाजवता हसायला लागले आणि हसू आवरेना म्हणून थांबले.

मी वळून बघितलं तर वस्ताद पटक्याच्या शेवानं तोंड पुसत होते. मग ते उठून गेले.

ऑफिसात येऊन मी लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत लिहून झालं. उपळेकरांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मध्यंतरापूर्वीचा कार्यक्रम नुरा होता? अहो चौगुले, हे परीक्षण आहे."

"तसाच होता, साहेब."

"आणि मध्यंतरानंतर शड्डू ठोकणारे श्रोते कोण? नाव टाका की, बातमी होईल."

"नाव नको."

"बरं, पहिला भाग असा का झाला, त्याचं कारण तरी द्या. वाचक विचारतील."

"तेही नको, साहेब," मी म्हणालो. ते एकच वाक्य मी लिहिलं नव्हतं. ते छापून आलं असतं तर संयोगिता दोषातून सुटली असती, पण वस्तादांच्या वर्मी लागलं असतं. उपळेकरांनी खांदे उडवले आणि मजकूर पुढं पाठवला.

सोमवारी सकाळी मला घरी बसवेना. मी तालमीत गेलो. सकाळची मेहनत नुकतीच संपली होती. पोरं लाल मातीनं माखलेली, कडेला उभी होती. वस्ताद कट्ट्यावर बसून पेपर हातभर लांब धरून मोठ्यानं वाचत होते, एकेक शब्द सुटा करून. दाराशी संयोगिता उभी होती, हातांची घडी घालून. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"'मध्यंतरापूर्वीचा कार्यक्रम,'" वस्ताद वाचत होते, "'नुरा होता.'"

ते थांबले. सगळ्या पोरांनी माना खाली घातल्या. 

"'मध्यंतरानंतरचा खरा होता. तो तीनदा कोसळला आणि तिन्ही वेळा उठून उभा राहिला. ठरवून आलेली माणसं अशी पडत नाहीत आणि अशी उठतही नाहीत. ही चार मुलं जेव्हा एकमेकांकडं बघून वाजवतात, तेव्हा त्यांचं वाजवणं निकाली कुस्तीइतकं खरं असतं.'"

त्यांनी पेपराची घडी घातली. "सुकुमार, ये. बस."

मी बसलो.

"समदं बरोबर लिव्हलंस. पर एक लिव्हायचं राहिलं."

"काय, वस्ताद?"

"पहिली नुरा का झाली?"

मी जमिनीकडं बघितलं.  वस्ताद अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी समोर बसलो हुतो म्हणून."

"अप्पा, तसं नाही!" संयोगिता दारातून पुढं आली.

"तसंच हाय. माझी कितीतरी पोरं बघितली मी. मी कडेला हाय म्हणलं की निम्मं लक्ष माझ्याकडं. समोरचा पाय वढून पट काढतोय आणि ह्यांचं ध्यान वस्ताद काय म्हणतील तिकडं. त्यांना मी शिव्या घालायचो. माझी मला कधी घातली न्हाई." त्यांनी तिच्याकडं वर बघितलं. "एक तारखेला ट्रेनिंगला जाऊ नगंस. पुण्याला जा. वाजीव. फीर वरीसभर."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं पुसलं नाही. "तुम्ही याल ना पुण्याला?"

"न्हाई."

"का?"

"मी दिसलो की तू खोटी वाजवतीस."

"मग कधीच येणार नाही?"

वस्ताद उठले, तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. तिच्या केसांना लाल माती लागली. "येईन की," ते म्हणाले. "पर तुला सांगून येणार न्हाई."

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. चौथी घंटा पुष्कळ फिरली. मधल्या काळात बेसवाला बदलला, कीबोर्डवालीचं लग्न इम्रानशी झालं, दोन्ही घरांनी आधी आकाशपाताळ एक केलं आणि मग नातवंडं खेळवली. संयोगिता आता मुलामुलींना ड्रम शिकवते आणि अजूनही वाजवते. तिच्या समजुतीप्रमाणं अप्पांनी सांगलीनंतर तिचा कार्यक्रम कधीच बघितला नाही. ते मुद्दाम लांब राहिले, याचं तिला कौतुकही आहे आणि थोडं दुःखही आहे. हे तिनं मला बोलून दाखवलंय, आणि मी तोंड मिटून ऐकून घेतलंय.

पुण्याच्या त्या पहिल्या कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत, दाराला लागून, दोन माणसं बसली होती. त्यातला एक मी. दुसऱ्याच्या डोक्याला पटका नव्हता. वस्तादांना बोडक्या डोक्यानं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो; अंगावर साधा शर्ट, म्हातारे आणि बारीक दिसत होते. दिवे लागायच्या आत आम्ही बाहेर पडलो. बेळगावला तसंच, कोल्हापुरात तसंच, आणि नंतर कुठं कुठं. दर वेळी बाहेर आल्यावर ते एकच विचारायचे, "खरी?" आणि मी म्हणायचो, "खरी." मग म्हणायचे, "चल, एस्टी चुकंल."

एकदाच मी म्हणालो होतो, "आज नाही, वस्ताद. आज जरा बसवलेलं वाटलं." ते झपाझप स्टँडकडं चालायला लागले. एस्टीत बसल्यावर म्हणाले, "दमली असंल. पुढच्या खेपेला बघू," आणि पुढच्या खेपेला खरोखरच माझ्या आधी स्टँडवर येऊन बसले होते.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. आता त्यांना फारसं हिंडवत नाही, पण कान तल्लख आहेत. संयोगितानं नव्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते फोनवर लावून दोघांनी ऐकलं. मध्येच एका जागी तिचं सगळं कोसळलं, बराच वेळ चाचपडणं चाललं, आणि वस्ताद डोळे मिटून शांतपणे वाट बघत राहिले. ती उठून पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"सुकुमार, आता लिव्ह," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"आपण जायचो ते. कळू दे तिला. भांडंल माझ्याशी, भांडू दे. आता मी समोर बसलो काय आन मागं बसलो काय, ती वाजवायचं तेच वाजवती."